बिनकान्याचा व

४ फेब्रुवारी

चि. मैनास अनेक आशीर्वाद.

"व बिनकान्याचा. पुढे स्वल्पविराम नाही. ओळ संपली. चला."

हा आवाज काल दुपारी मला पुन्हा ऐकू आला. खुर्चीत पेपर उघडा पडला होता, माझा डोळा लागत होता, आणि कानात वाचकबाई बोलल्या. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज तसाच, घासलेल्या पितळेसारखा.

तुला ती खोली ठाऊक नाही. सरकारी छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्हा मुद्रितशोधकांची लांबलचक खोली होती. बारा टेबलं, प्रत्येक टेबलाशी दोघं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवून चुका टिपायच्या. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. काना, मात्रा, वेलांटी, टिंब, जे जे कागदावर असेल ते सगळं उच्चारायचं. बारा टेबलांवर बारा निराळे कागद एकाच वेळी वाचले जात. जिना चढून येणाऱ्याला वाटे की शाळा भरली आहे आणि सगळे वर्ग एकाच खोलीत कोंबले आहेत. मला त्या गोंगाटात फार बरं वाटे. कविता पाठ करायच्या तासाचा वास होता त्याला. आणि माझ्या टेबलाच्या वाचकबाई तर घरपट्टीची नोटीससुद्धा अशी वाचत, की कडवं संपलं म्हणून मी मान डोलवायचो.

आवाज आठवायचं कारण तूच. पेपरात तुझा फोटो आहे. जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकापाशी तुम्ही वीसेक जण उभे, तुझ्या हातात फलक, आणि फलकावर 'वाटाघाटि'. मैने, टी दीर्घ असते. कुणी रंगवला तो? मागण्या काय आहेत ते बातमीत वाचेपर्यंत माझा जीव त्या वेलांटीतच अडकला होता.

तुझी आई सांगत होती की तू संघटनेची चिटणीस झालीस. काय भांडण आहे ते मामाला नीट लिही. आणि मोठ्या माणसांशी बोलताना आवाज चढवू नकोस. तुझा चढतो.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

फलक आमच्या केंद्रावरच्या गाळणीकाकांनी रंगवला, गाळण्या तेच सांभाळतात. त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "मामांना सांग, फाटकावर ऊन फार होतं, वेलांटी आखडली." आता नवा फलक दीर्घ टीचा आहे.

भांडण साधं आहे. आमच्या केंद्रावर प्रत्येक पाळीला दोन माणसं असतात आणि पाळी आठ तासांची. पाण्यात सोडायचा क्लोरीन मोठ्या टाक्यांत दाबून भरलेला असतो. एकजण टाकीच्या खोलीत शिरला की दुसरा दाराशी उभा राहतो. पहिल्याला वायू लागला, तर बाहेर ओढायला कुणी हवं ना? गेल्या महिन्यात प्रशासनाचं पत्र आलं: पाळी बारा तासांची, माणूस एक. बास. एवढंच. आम्ही विचारायला गेलो तर आस्थापना अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडून आमच्यासमोर ठेवलं.

या साहेबांना सगळे जावकसाहेब म्हणतात. कारण त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "ते पत्र गेलंय, जावक क्रमांक अमुक." माणूस वाईट नाही. फक्त पत्र गेलं की जगातलं काम झालं, असं त्यांना मनापासून वाटतं.

त्यांनी दाखवलेलं कलम असं आहे: "सेवाशर्तींत बदल करावयाचा झाल्यास संघटनेस आधी लेखी पत्र जावे वा व्हाव्या वाटाघाटी, पूर्ण होतील तेव्हा सदर बदल अंमलात आणावा."

बोटाने 'वा' दाखवून म्हणाले, "दोहोंपैकी एक. पत्र गेलं आहे."

वा, मामा, वा. इतकी वर्षं प्रशासन आणि आम्ही टेबलाशी समोरासमोर बसून सगळं ठरवत आलो. सवयच होती, म्हणून पुस्तक कुणी उघडलं नाही. आता उघडलं तर आत हे. प्रकरण लवादापुढे गेलंय आणि वीस मार्चला सुनावणी आहे. पुस्तक सगळ्या सरकारी नोकरांना लागू असल्यामुळे दवाखान्यातल्या परिचारिका, बस डेपोवाले, ग्रंथालयवाले, सगळे श्वास रोखून आमच्याकडे बघतायत. आम्ही हरलो तर टेबलाशी बसायचा हक्क सगळ्यांचाच गेला. मग कुणाचीही पाळी, बदली, सुटी, एका पत्रावर.

हे पुस्तक छापणाऱ्या छापखान्यातच तुम्ही जन्म काढलात. हे कलम पहिल्यापासून असंच होतं का? पानाची नक्कल सोबत जोडली आहे. आमच्या कामाला येईल असं काही आठवलं तर कळवा.

तुमची मैना


१६ फेब्रुवारी

चि. मैनास आशीर्वाद.

पत्र मिळालं. नक्कल फार फिकी आहे, आणि माझ्या चष्म्याचा नंबरही वाढला असावा. नीट लागलं नाही.

मला विचारशील तर तुमचा वकील अर्थावर बोट ठेवू शकेल. नुसतं पत्र पाठवून भागत असेल, तर 'पूर्ण होतील तेव्हा' या शब्दांचं काय? पत्र का पूर्ण व्हायचं असतं? पूर्ण होतात त्या वाटाघाटी. एवढा मुद्दा पुरेसा आहे असं वाटतं. जुन्या आवृत्त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. छापलं ते छापलं. शिवाय इतक्या जुन्या गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत आता.

समोरच्या बागेतल्या बाकावर सकाळी उन्हाला बसतो. शाळेतल्या कविता मनात येतात, अर्ध्यावर सुटतात. काल एका कवितेचं तिसरं कडवं तासभर शोधत होतो.

दोन पावलं मागे येऊन मिटतं का बघावं. साहेब वाईट नाहीत म्हणतेस, तर घरी जाऊन भेट. प्रकृतीला जप.

तुझा मामा


२३ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर सोडून तुम्ही मला बाक, ऊन आणि तिसरं कडवं कळवलंत. आईला पत्र दाखवलं. ती म्हणाली, त्याला पेन्शनची काळजी असेल, सरकारविरुद्ध तोंड उघडायला घाबरतो. मी तुमची बाजू घेतली, पण मनातून मलाही तसंच वाटलं. लपवत नाही.

दोन पावलं मागे यायला आता जागा उरली नाही. 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून मंगळवारपासून सकाळच्या पाळीला एकच माणूस ठेवला. पहिल्याच दिवशी तो माणूस म्हणजे गाळणीकाका. टाकीचा वॉल्व्ह गळायला लागला, ते आत गेले आणि वायू लागून तिथेच खाली बसले. दाराशी कुणी नव्हतं. सुदैवाने टाक्या पोचवणारा गाडीवाला पावतीवर सही हवी म्हणून त्यांना हाका मारत आत आला. सही नसती लागत, तर मामा, मी हे पत्र दुसऱ्याच शब्दांत लिहिलं असतं. काका दवाखान्यात आहेत. बोलताना दम लागतो, तरी विचारत होते, "वाटाघाटींचं कुठवर आलं?"

तुमचा 'पूर्ण होतील'चा मुद्दा वकिलांना सांगितला. म्हणाले, चांगला आहे पण एकटा उभा राहणार नाही. पहिली आवृत्ती हवी, आणि ती कुठेच मिळत नाही. त्यांना आणखी एक दिसलं. आमच्याकडची आवृत्ती दुसरी आहे, आणि त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'शो. ७' छापलंय. म्हणाले, हा शोधक क्रमांक सात असणार, आणि हयात असेल तर त्याला साक्षीला बोलवायचं. एवढं तरी सांगा, शोधक सात कोण होता? नाव द्या, पुढचं आम्ही बघतो. तुम्हाला मध्ये आणणार नाही.

मैना


१ मार्च

चि. मैना,

शोधक सात म्हणजे मी.

नक्कल फिकी नव्हती आणि चष्मा ठीक आहे. तुझ्या पत्राची घडी उलगडली, 'वा' पाहिला, आणि खालचा सात पाहिला. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेलं मानपत्र समोरच्या भिंतीवर होतं, 'एकतीस वर्षे बिनचूक सेवा'. त्याच्याकडे बघत तुला ते सोळा तारखेचं पत्र लिहिलं. तुझ्या आईला सांग, पेन्शनची भीती नव्हती. त्यापेक्षा हलकी गोष्ट होती, मिरवायची हौस. मानपत्र आज उतरवून कपाटात ठेवलं. भिंतीवर चौकोन राहिला आहे, तो राहू दे.

आता सगळं क्रमाने सांगतो.

पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. वाचकबाई वाचत होत्या, मी पाहत होतो. हे कलम आलं आणि माझी पेन्सिल थांबली. तू तुझ्या तोंडाने म्हणून बघ:

आधी लेखी पत्र जावे व व्हाव्या
वाटाघाटी, पूर्ण होतील तेव्हा

लागली का चाल? ही शालिनी आहे, मैने. म, त, त आणि दोन गुरू. अकरा अक्षरं पहिल्या ओळीत, अकरा दुसऱ्या. लिहिणाऱ्या कारकुनाला पत्ताही नसेल की आपल्या हातून वृत्त घडलं. पुढे 'सदर बदल अंमलात आणावा' आलं आणि सरकारी पाय पुन्हा जमिनीवर टेकले, पण त्या दोन ओळी गात होत्या. मी बाईंना त्या परत वाचायला लावल्या. बाई हसल्या आणि चालीवर म्हणाल्या. शेजारची दोन टेबलं थांबून ऐकत राहिली. पहिल्या ओळीतलं नववं अक्षर लघु हवं. 'व' लघु आहे, पुढच्या 'व्हा'चा त्यावर आघात होत नाही. 'वा' घातलास की ओळ तिथेच लंगडते. म्हणून मला शपथेवर सांगता येईल: मूळ कलमात 'व' होता. पत्र जावे आणि वाटाघाटीही व्हाव्या. दोन्ही.

मग 'वा' कुठून आला?

दुसरी आवृत्ती वीस वर्षांनी निघाली. त्याच्या दोन महिने आधी छापखान्यात एक पत्र आलं. वाचकांची सगळी पदं रद्द, शोधकांनी स्वतःच मूळ प्रत आणि मुद्रित शेजारी ठेवून तपासावं, त्याने काम जलद होईल. कुणाला विचारलं नाही, कुणाशी बोलले नाहीत. बारा वाचक सामान आवरून जिना उतरले. आमच्यापैकी एकही उठला नाही. मीही नाही. मला त्याच आठवड्यात वरची श्रेणी मिळाली होती. वाचकबाई जाताना फक्त म्हणाल्या, "आता खोलीत फार शांत वाटेल तुम्हाला."

वाटलं. त्या शांततेत बसून मी एकट्याने ते पुस्तक तपासलं. डोळा सवयीने पुढे सरकतो, मैने, जे असायला हवं ते त्याला दिसतं. कान तसा फसत नाही. बाई असत्या आणि त्यांनी 'व बिनकान्याचा' म्हटलं असतं, तर तो काना तिथल्या तिथे पकडला गेला असता. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून एक खिळा चुकला आणि मी त्यावर सही केली. गाळणीकाका त्या खोलीत एकटे होते, तसाच मीही माझ्या खोलीत एकटा होतो. फरक इतकाच की माझी चूक कुणालाच न दिसता गळत राहिली.

मी साक्षीला येतो. कुठे यायचं, किती वाजता, एवढं कळव.

तुझा मामा


५ मार्च

ती. मामांना सा. न.

पत्र वाचून केंद्राच्या पायरीवर बसले आणि रडले. मग उठून सगळ्यांना ते दोन चरण म्हणून दाखवले. आता पंपघरात दिवसभर शालिनी चालू असते. पंपाच्या ठोक्याला ती बसत नाही, पण कुणी ऐकत नाही.

चुकीबद्दल मला राग नाही. सोळा तारखेच्या पत्राबद्दल आहे. तो तुम्ही समोर आलात की काढीन आणि संपवीन.

वकिलांना अडचण वाटते. म्हणतात, वृत्त म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदार स्वतःच चूक कबूल करतोय म्हटल्यावर प्रशासनातर्फे बोलणारे जावकसाहेब त्याला सोलून काढतील. मी म्हटलं, सोलू द्या, आत गाभाच आहे.

वीस तारखेला सकाळी दहाला या. बसथांब्यावर मी घ्यायला येते. आई म्हणते, त्याला सांग, नवा शर्ट घालून ये, नेहमीचा तो राखाडी नको.

तुमची मैना


२४ मार्च

ती. मामांना सा. न.

साक्ष संपताच तुम्ही "बस चुकेल" म्हणत निघून गेलात आणि मला धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र. रागाचा विषय काढायचा राहिला, तो आता विसरले.

तुम्हाला कसं दिसलं असेल कोण जाणे, पण मी मागच्या बाकावरून काय पाहिलं ते सांगते. जावकसाहेबांनी तुम्हाला पाऊण तास उभं धरलं. तारखा, क्रमांक, वय, चष्मा, सगळं विचारलं. तुम्ही शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या मुलासारखे हात मागे बांधून उत्तरं देत होतात. मग त्यांनी शेवटचं काढलं. तुम्ही चूक केलीत हे तुम्हीच सांगता, तर आजची साक्षही चुकीची नाही कशावरून?

माझ्या शेजारच्या परिचारिकेने माझा हात धरला. मग तुम्ही म्हणालात, "साहेब, तेव्हा मी एकटा होतो. आज ऐकायला एवढी माणसं बसली आहेत."

त्यावर साहेबांनी समोरचा कागद उगाचच उलटा केला. मामा, तेव्हाच मला वाटलं की आपण जिंकणार.

लवादाच्या अध्यक्षबाईंनी तुम्हाला ते कलम वाचायला सांगितलं. तुम्ही वाचलं नाहीत, म्हटलंत. डोळे मिटून. अध्यक्षबाईंची बोटं टेबलावर काय करत होती ते तुम्हाला दिसलं नसेल. मोजत होत्या. "शालिनी का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बस डेपोवाल्यांना वाटलं, ही कुणी नवी साक्षीदार. तो विनोद सध्या गावभर झालाय.

तुम्ही गेल्यावर त्या म्हणाल्या की ऐकायला छान आहे, पण निवाडा चालीवर देता येत नाही, कागद हवा. जावकसाहेब उठले आणि म्हणाले, पहिली आवृत्ती नष्ट केल्याचं पत्र आहे, जावक क्रमांकासह. आमचे वकील खाली बसले. तेवढ्यात बाईंनी तुमच्या लेखी जबाबातली एक ओळ वाचली. मीही ती वाचली होती, पण तिचं महत्त्व कळलं नव्हतं. 'शोधकांच्या सह्यांची मुद्रिते छापखाना कधीही फाडत नाही. पुढे दोष कोणाचा हे ठरवता यावे म्हणून वर्षवार बांधून ठेवतो.' पुस्तक नष्ट झालं असेल, पण तपासलेलं कच्चं मुद्रित?

सहा एप्रिलला छापखान्याची दप्तरखोली उघडायचा हुकूम आहे. लवादाचे लेखनिक असतील, जावकसाहेब असतील, आणि गठ्ठे ओळखणारा माणूस म्हणून तुम्ही. आम्हाला आत सोडणार नाहीत. मामा, जे दिसेल ते लगेच लिहा. फोनवर सांगू नका. मला कागदावर हवंय.

तुमची मैना


६ एप्रिल

चि. मैना,

छापखान्यातून बसथांब्यावर आलो आहे. बस यायला वेळ आहे. मांडीवर कागद ठेवून लिहितो, अक्षर गोड मानून घे.

आमची खोली पाहिली. टेबलं गेली, यंत्रं आली. मागच्या जिन्याने दप्तरखोलीत उतरलो. जावकसाहेब नाकाला रुमाल लावून माझ्या मागे. लेखनिकाच्या हाती यादी होती, पण यादीतलं तिथे काहीच जाग्यावर नव्हतं. मी म्हटलं, यादी बाजूला ठेवा. आमच्या वेळी गठ्ठ्यांना वर्षाप्रमाणे निरनिराळ्या रंगाची फीत बांधत, आणि माझं पहिलं वर्ष निळ्या फितीचं. रंग उडून राखाडी झाला होता, पण गाठीच्या आत अजून निळा होता.

साहेबांनी गठ्ठा उतरवायला हात लावला, हे सांगायला हवं. जड होता.

एकशे चौदावं पान. खाली दोन सह्या, वाचकबाईंची आणि माझी. आणि कलमात 'व'. बिनकान्याचा, स्वच्छ, एकटा, ताठ उभा.

पण तेवढंच नाही. मी विसरलो होतो, मैने, अगदी साफ विसरलो होतो. त्या दोन ओळींवर माझ्या पेन्सिलीने प्रत्येक अक्षरावर खूण केलेली आहे. गुरूला आडवी रेघ, लघूला अर्धचंद्र. शाळेत वहीत करायचो तशी. आणि 'व'च्या डोक्यावर अर्धचंद्र, टोकदार, जणू काल काढलेला. 'वा' असता तर तिथे रेघ आली असती. म्हणजे खिळा पुसट उठला होता किंवा काना उडाला होता म्हणायलाही कुणाला जागा नाही. आणि समासात आमच्या मुख्य शोधकांची लाल शाई: 'हे कार्यालय आहे, शाळा नव्हे.' खाली त्यांची सही आणि तारीख.

त्या शेऱ्यावरून त्या वेळी आठवडाभर माझी थट्टा झाली होती. आज लेखनिकाने तोच शेरा पुरावा म्हणून मोठ्याने वाचला, आणि लिहून घेताना त्याला हसू आवरेना.

जावकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पान दोनदा वाचलं. मला वाटलं, आता एखादा क्रमांक काढतील. ते एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं होतं तुमचं." आणि गठ्ठा परत बांधताना गाठीवर बोट धरून उभे राहिले.

बस आली.

तुझा मामा


२५ एप्रिल

ती. मामांना सा. न.

जिंकलो.

निवाडा काल अकरा वाजता वाचला. पुरा कागद वकील पाठवतील, मी मुख्य तेवढं उतरवते. "कलमात मंजूर झालेला शब्द 'व' हाच आहे. दुसऱ्या आवृत्तीत तो बदलण्याचा कोणताही ठराव नाही. छपाईतील एका कान्याने कर्मचाऱ्यांचा वाटाघाटीचा हक्क जात नाही. वाटाघाटी पूर्ण होईपर्यंत पूर्वीच्याच पाळ्या आणि पूर्वीचीच माणसे राहतील." शेवटी अध्यक्षबाईंनी आणखी एक वाक्य घातलंय, कायद्याच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती: "ही चूक ज्या एका निर्णयामुळे घडली, तो निर्णयही वाटाघाटीवाचून घेतला गेला होता, याची हा लवाद नोंद घेतो."

मामा, त्यांनी वाचकबाईंची नोंद घेतली.

बाहेर आलो तर रस्ता भरलेला. परिचारिका गणवेशातच आल्या होत्या. ग्रंथालयवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवलं. डेपोवाल्यांनी बस आडवी लावून हॉर्न वाजवला. घोषणा काय द्यायची ते कुणी ठरवलं नव्हतं. मी पायरीवर चढून विचारलं, "कोणता?" आणि समोरून हजार माणसं ओरडली, "बिनकान्याचा!" येणारे-जाणारे थांबून विचारत होते, हे कसलं भांडण. एका परिचारिकेने त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेही लघु-गुरूसकट. तिला आता माझ्याहून चांगलं येतं.

सोमवारी दहाला पहिली बैठक. आज केंद्रावर प्रत्येक पाळीला दोन माणसं आहेत. गाळणीकाका रुजू झाले आणि त्यांनी कुणाचं न ऐकता पहिली पाळी मागून घेतली. ते टाकीच्या खोलीत गेले, मी दाराशी उभी राहिले. दहा मिनिटांचं काम. बाहेर येऊन म्हणाले, "तू होतीस का इथे? मला वाटलं मामाच उभे आहेत."

पुढच्या महिन्यात सगळे मिळून तुमच्याकडे येणार आहोत. संख्या सांगत नाही, तुम्ही घाबराल.

तुमची मैना


२ मे

चि. मैनास अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बागेत, बाकावर, सर्वांदेखत मोठ्याने वाचलं. माझ्यासारखे पाच-सात पेन्शनर तिथे बसतात. औषधवाला दुकान सोडून आला. पोस्टमनने सायकल उभी केली, पत्र त्यानेच आणलं होतं, तेव्हा त्याचा हक्कच होता. 'वाचकबाईंची नोंद घेतली' इथे मी कागद पोस्टमनच्या हाती दिला, पुढचं त्याने वाचलं. छान वाचतो. स्वल्पविरामाला थांबतो.

मैने, मला उगाच तरुण वाटतं आहे. सकाळी जिना उतरताना कठडा धरायचा राहिला. रस्त्यातल्या पाट्या वाचत जातो आणि कुठे वृत्त लागतं का बघतो. 'येथे वाहन उभे करू नये' काही केल्या बसत नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की शब्द बिनचूक छापले की आपलं काम झालं. शब्द छापून झाल्यावर त्याच्यासाठी कुणीतरी उभंही राहावं लागतं, हे माझ्या बहिणीच्या मुलीने मला शिकवलं, आणि तेही चुकीच्या वेलांटीचा फलक घेऊन.

सोमवारच्या बैठकीचं सविस्तर लिही. टेबल कसं होतं, कोण कुठे बसलं, पहिलं कोण बोललं

दार वाजतं आहे. थांब हं.

मैने, उभ्या उभ्याच लिहितो आहे. दारात जावकसाहेब आहेत. एकटे. हातात फाइल नाही. बसने आलेत, पत्ता माझ्या जबाबावरून घेतला म्हणाले. मी बैठकीचं काय झालं असेल म्हणून धसकलो, तर म्हणाले, बैठक उत्तम चालली आहे, तुमची भाची आवाज चढवते पण मुद्द्यावर असते. मग घाम पुसला. काल आम्हा अधिकाऱ्यांना वरून एक पत्र आलं म्हणाले. आमच्या बदल्यांचा नियम फिरवला आहे, विचारलं कुणालाच नाही, आणि आमची तर संघटनाच नाही.

आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच थांबलेत. पायातल्या बुटांकडे बघत मला विचारतायत:

"मामा, संघटना काढायची तर पहिलं काय करावं लागतं?"